आधी मीटरची ओरल!

परीक्षेच्या दिवसांत सगळ्यात जास्त धडकी कशाची भरते? पेपरची नाही, ओरलची! पेपरात चार पुरवण्या लावून वेळ मारून नेता येते. ओरलला समोरचे सर थेट विचारतात, आणि आपल्याला काय येतं ते अर्ध्या मिनिटात उघडं पडतं. गंमत अशी की आपण चार वर्षांत पन्नासेक ओरल देतो, पण ज्या यंत्रांच्या जिवावर आपली जर्नलं भरतात त्यांची ओरल घ्यायचं कुणाच्या मनातही येत नाही. त्यांनी आकडा दाखवला की आपण तो ‘निरीक्षण’ म्हणून उतरवतो. विषय संपला.

आज बोलायचंय त्यातल्या एका यंत्राबद्दल. पाण्याची विद्युतवाहकता मोजणारा कंडक्टिव्हिटी मीटर आणि वायरच्या टोकाला लोंबणारा त्याचा तो काचेचा प्रोब. “हा तर सिव्हिल-केमिकलवाल्यांचा प्रॉब्लेम,” म्हणून मेकॅनिकल-कॉम्प्युटरवाल्यांनी लगेच पान उलटू नये. कारण हॉस्टेलच्या वॉटर कूलरपाशी खिशातून जो पेनासारखा टीडीएस मीटर निघतो तो याच मीटरचा धाकटा भाऊ. “किती आला?” “साठ.” “मग झकास!” एवढ्या संवादावर आपण सगळे ग्लास तोंडाला लावतो. आणि पाणी तर कुठल्याच ब्रँचला सुटलेलं नाही.

माझं म्हणणं एका वाक्यात असं: ज्या मीटरने आज ठाऊक असलेल्या द्रावणाचं उत्तर बरोबर दिलेलं नाही, त्याने ठाऊक नसलेल्या पाण्याबद्दल सांगितलेलं काहीही जर्नलात लिहू नये आणि त्यावर विश्वास ठेवून पाणीही पिऊ नये.

आता हे काय प्रकरण आहे ते जरा मुळातून पाहू. मीटर पाण्यातले क्षार मोजत नाही. तो मोजतो ते एवढंच की दोन पट्ट्यांमधल्या पाण्यातून वीज किती सहज जाते. क्षार विरघळले की त्यांचे आयन होतात, आयन वीज वाहून नेतात. म्हणून क्षार जास्त तर वाहकता जास्त. पण डीसी लावली तर पट्ट्यांवर आयनांची गर्दी होते, वायूचे बुडबुडे येतात आणि रीडिंग घसरत जातं. यावरचा उपाय एकोणिसाव्या शतकात फ्रिडरिख कोलराउश (१८४०-१९१०) या जर्मन शास्त्रज्ञाने रुळवला: डीसीऐवजी एसी वापरायची. आपल्या लॅबमधला मीटर आजही तेच करतो.

दुसरी गोष्ट सेल कॉन्स्टंट. दोन पट्ट्यांमधलं अंतर भागिले पट्टीचं क्षेत्रफळ. एक चौरस सेंमीच्या पट्ट्या एक सेंमी अंतरावर असतील तर सेल कॉन्स्टंट १. प्रोबच्या मानेवर जो ‘१.०’ छापलेला असतो तो हाच. कंपनीने प्रोब नवा असताना तो छापला, तेव्हा तो बहुधा जवळपास खराही असेल. पण त्यानंतर त्या प्रोबने काय काय पाहिलंय, विचार करा! बोअरच्या जड पाण्यात बुडून पट्ट्यांवर पांढरा थर बसलाय, अगदी गीझरच्या कॉइलवर बसतो तसा. सांडपाण्याच्या प्रॅक्टिकलला तेलकटपणा चिकटलाय. कुणीतरी ‘स्वच्छ करतो’ म्हणून पट्ट्या रुमालाने खसाखसा पुसल्यात. या पट्ट्यांवर प्लॅटिनम ब्लॅकचा काळा मखमली लेप मुद्दाम दिलेला असतो. तो मळ नाही! पुसला की गेला. वर सुट्टीभर प्रोब कोरडा पडून राहतो. एवढं झाल्यावर सेल कॉन्स्टंट १.० च राहील अशी अपेक्षा करणं म्हणजे फर्स्ट इयरच्या आयकार्डावरचा फोटो दाखवून “हा मीच” म्हणण्यासारखं आहे. माणूस तोच, पण आता ओळखू येत नाही.

म्हणून ओरल. आणि ओरलचा प्रश्न असा हवा की ज्याचं उत्तर परीक्षकाला आधीच पक्कं ठाऊक आहे. पोटॅशियम क्लोराइडच्या ०.०१ मोलर द्रावणाची वाहकता २५ अंश सेल्सिअसला १४१३ मायक्रोसीमेन्स प्रति सेंमी असते. कॉलेज कुठलंही असो, आणि सर कुठलेही असोत! (यापुढे ‘मायक्रोसीमेन्स’ म्हटलं की ‘प्रति सेंमी’ धरून चालावं.) हे द्रावण करायला पोटॅशियम क्लोराइड १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये दोन तास वाळवायचं, डेसिकेटरमध्ये गार करायचं, ०.७४५६ ग्रॅम वजन करून डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवायचं आणि फ्लास्कमध्ये एक लिटर करायचं. झालं. पाव किलोच्या बाटलीतून तीनशेहून जास्त लिटर द्रावण होतं. म्हणजे ‘बजेट नाही’ हे कारण इथे चालणार नाही.

फक्त डिस्टिल्ड वॉटर खरंच डिस्टिल्ड आहे ना तेवढं पाहा. ताजं असेल तर त्याची वाहकता दोनेक मायक्रोसीमेन्सच्या आत असते. उघड्या कॅनमध्ये ठेवलं की हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून ती थोडी वाढते. वीस-तीस दाखवत असेल तर मात्र ‘डिस्टिल्ड’ हे फक्त कॅनवरचं लेबल आहे असं समजावं.

प्रत्यक्ष ओरल अशी घ्यायची. प्रोब डिस्टिल्ड पाण्याने धुवा, मग थोड्या द्रावणाने दोनदा विसळा आणि विसळलेलं फेकून द्या. ते पुन्हा बाटलीत ओतायचं नाही. जो ओततो तो पुढच्या दहा बॅचेसचं नुकसान करतो. बीकरमध्ये ताजं द्रावण घ्या. पट्ट्या आणि वरचं भोक पूर्ण बुडेल एवढा प्रोब आत सोडा, तळाला किंवा काचेला टेकू देऊ नका. हलकेच टिचकी मारून बुडबुडे काढा. पट्टीवर एक बुडबुडा अडकला तरी तेवढं क्षेत्रफळ कमी होतं आणि रीडिंग खाली येतं. थर्मामीटर लावा. तापमान स्थिर होईपर्यंत थांबा, आणि मग सेल कॉन्स्टंटचा नॉब फिरवून आकडा १४१३ वर आणा. नॉबवर आता जो सेल कॉन्स्टंट दिसतो तो तारखेसह लिहून ठेवा.

इथे बहुतेक लोक थांबतात. पण खरं पाहता अजून ओरल झालेलीच नाही! पहिल्या द्रावणावर आपण मीटरला उत्तर शिकवलं, पाठ करून घेतलं. परीक्षा होते ती दुसऱ्या द्रावणावर. त्याच द्रावणाचे १०० मिली घेऊन एक लिटर करा, ०.००१ मोलर झालं. याची वाहकता २५ अंशांना सुमारे १४७ असते. आता नॉबला हात न लावता मीटर काय म्हणतो ते पाहा. १४५-१५० म्हणाला तर पोरगा पास. १७० म्हणाला तर नॉब फिरवून उपयोग नाही. प्रोब स्वच्छ करा, डिस्टिल्ड वॉटर तपासा, द्रावण पुन्हा करा. थर बसला असेल तर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात थोडा वेळ बुडवून भरपूर डिस्टिल्ड पाण्याने धुवायचं. घासायचं मात्र नाही. आरओचं पाणी मोजणाऱ्यांसाठी तर हे दुसरं द्रावण फारच महत्त्वाचं, कारण त्यांचं पाणी १४१३ च्या नाही, शंभरच्या आसपासचं असतं.

आता तापमान. पाणी एक अंशाने तापलं की वाहकता साधारण दोन टक्क्यांनी वाढते. आपलं तेच १४१३ वालं द्रावण २० अंशांना १२७८ दाखवतं. कूलरचं पाणी समजा १२ अंश. ज्या पाण्याची वाहकता २५ अंशांना ८१४ आहे, ते कूलरमधून काढून लगेच मोजलं तर तापमानाची दुरुस्ती नसलेला मीटर सहाशेच्या आसपास आकडा दाखवेल. आणि आपण म्हणणार, “टाकीपेक्षा कूलरचं पाणी चांगलं!” चांगलं नाही मित्रांनो, फक्त गार आहे.

“एवढ्या तेवढ्या फरकाने काय होतंय?” असं कुणी म्हणेल. हिशोब करून बघू. समजा मीटरवर सेल कॉन्स्टंट १.०० ठेवलाय आणि कुणी तपासलेला नाही. खरं तर २५ अंशांना तो १४१३ च्या द्रावणाला १२१५ दाखवतो, म्हणजे खरा सेल कॉन्स्टंट १.१६. या मीटरने बोअरचं पाणी मोजलं, ७०० आलं. ०.६५ ने गुणून टीडीएस काढला: ४५५ मिलिग्रॅम प्रति लिटर. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० च्या २०१२ च्या आवृत्तीत, टीडीएसची स्वीकारार्ह मर्यादा ५०० आहे. दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत सवलत. रिपोर्टवर शेरा पडला ‘मर्यादेत’. पण खरी वाहकता ८१४ आणि खरा टीडीएस ५२९! पाणी तेच, निकाल उलटा.

हा ५०० चा आकडा नुसता पुस्तकातला नाही. टीडीएस ५०० च्या खाली असेल तिथे आरओ वापरायला मनाई करावी असे निर्देश राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये पर्यावरण मंत्रालयाला दिले होते. त्या निर्देशाबद्दल मतं वेगवेगळी असू शकतात. पण ज्या आकड्यावरून असे निर्णय होतात तो काढणारा मीटर तरी सरळ असायला हवा की नको?

शेतीचंही तेच. सिंचनाच्या पाण्याची अमेरिकेत १९५४ साली केलेली आणि आपल्याकडेही शिकवली जाणारी वर्गवारी पाहा. वाहकता २५० ते ७५० म्हणजे मध्यम क्षारतेचं पाणी, ७५० ते २२५० म्हणजे जास्त क्षारतेचं. आपल्या चुकार मीटरने ७०० दाखवून त्या शेतकऱ्याला मध्यममध्ये बसवलं. खरं पाणी ८१४, वरच्या वर्गातलं. आपल्यातले काही जण अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातून आलेत. विहिरीचं पाणी खारं निघणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगायला नको. उद्या आपल्यापैकीच कुणीतरी पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात बसून अशा गावांचे रिपोर्ट सही करणार आहे. तेव्हा “मीटरने दाखवलं तेच लिहिलं” हे उत्तर पुरणार आहे का?

आता पेनवाल्यांकडे वळू. एकाच बादलीतून दोघांनी मोजलं, एकाला ४०० आणि दुसऱ्याला ५६० आलं, की भांडण ठरलेलं. खरं म्हणजे दोघांचेही पेन बरोबर असू शकतात! पेन आतून वाहकताच मोजतो आणि तिला एका ठरावीक आकड्याने गुणून टीडीएस म्हणून दाखवतो. कुठला पेन ०.५ ने गुणतो, कुठला ०.७ ने. वाहकता ८०० असेल तर एक ४०० दाखवणार, दुसरा ५६०. खरा गुणक पाण्यात कुठले क्षार आहेत यावर ठरतो. म्हणून माझं ऐकाल तर टीडीएसवरून वाद घालू नका, वाहकता लिहा. आणि टीडीएस लिहायचाच असेल तर कुठल्या गुणकाने काढला तेही लिहा.

आता जरा अवघड जागेचं दुखणं. आपल्या सगळ्या इंजिनिअरिंग कॉलेजांत ‘रीडिंग जुळवणं’ ही एक स्वतंत्र कला आहे. बॅचमध्ये एकाचं रीडिंग आलं की वीस जर्नलांत तेच, शेवटचा अंक थोडा इकडेतिकडे. आलेख मागच्या वर्षीच्या जर्नलासारखा सरळ रेषेत आला नाही तर चूक पाण्याची! याला पोरांचा आळस म्हणून सोडून देता येणार नाही. दोन तासांचं प्रॅक्टिकल, वीस जणांची बॅच आणि चालू स्थितीतला एक मीटर, अशा परिस्थितीत लॅबमधले मामा आणि असिस्टंट सर तरी काय करणार? आणि ज्याचं रीडिंग वेगळं आलं त्याला “पुन्हा कर” एवढंच ऐकायला मिळत असेल, तर पुढच्या वेळी तो शहाणा होऊन जुळवूनच आणतो. यंत्र सरळ आहे की नाही हे तपासलेलंच नसतं, त्यामुळे वेगळं रीडिंग खरं की खोटं हे कुणालाच सांगता येत नाही. मग सोयीचं ते खरं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!

भाजीवाल्याकडे जाताना आपली आई कशी वागते ते आठवा. भाजी टाकण्याआधी रिकामा तराजू बघते, पासंग आहे का ते बघते, मगच “द्या अर्धा किलो” म्हणते. अर्धा किलो वांग्यांसाठी जी दक्षता आई घेते, ती पाचशे पोरांच्या पिण्याच्या पाण्यासाठी होणाऱ्या इंजिनिअरांनी घ्यायला नको?

“आमचा मीटर ऑटो-कॅलिब्रेशनचा आहे,” असा एक हुशारीचा मुद्दा येतो. बटण दाबलं की तो स्वतःच १४१३ ओळखतो आणि जुळवून घेतो. खरंय. पण तो द्रावण ओळखत नाही, आकड्याच्या जवळपास काही दिसलं की त्यालाच १४१३ म्हणतो. बाटली उघडी राहून पाणी उडालं आणि द्रावणाची वाहकता १५०० झाली, तरी हा भोळा जीव तिला १४१३ मानणार आणि त्यानंतरची सगळी रीडिंगं सहा टक्के कमी दाखवणार. म्हणून बाटलीवर तारीख आणि दुसऱ्या द्रावणावर फेरपरीक्षा, हे ऑटोवाल्यांनाही चुकलेलं नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, नाहीतर या लेखाने उलटाच गैरसमज व्हायचा. मीटर कितीही नीट जुळवला तरी तो फक्त आयन पाहतो. साखर त्याला दिसत नाही. जिवाणू, विषाणू तर मुळीच दिसत नाहीत. टीडीएस ६० असलेल्या पाण्यातून कावीळ होऊ शकते आणि ६०० असलेलं पाणी जंतूंच्या बाबतीत स्वच्छ असू शकतं. मानकात ई. कोलाय हा जिवाणू १०० मिली पाण्यात एकही सापडता कामा नये असं म्हटलंय, आणि ते सांगणं आपल्या पेनच्या आवाक्याबाहेर आहे. त्यासाठी जिवाणूंची वेगळी तपासणी करावी लागते. खेड्यापाड्यांत वापरतात ती एचटूएसची बाटली हा त्यातला सोपा मार्ग: पाणी भरायचं, उबदार जागी एक-दोन दिवस ठेवायचं, काळं पडलं की पाण्यात मैला मिसळल्याचा संशय घ्यायचा आणि नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा. टाकी धुणं आणि क्लोरीन हे तर हवंच.

मग वाहकता मोजायची तरी कशाला? कारण ती बदल पटकन सांगते. एरवी ६० येणारं आरओचं पाणी तीन आठवड्यांत ६०, ८५, १३० असं चढत गेलं तर मेम्ब्रेन संपत आलंय. टाकीचं एरवी ८०० येणारं पाणी अचानक ११०० झालं तर टँकर बदलला, बोअर बदलला किंवा ड्रेनेजची लाइन कुठेतरी मिसळतेय, हे शोधायला हवं. पण हा बदल पाण्याचा आहे की मीटरचा, हे कधी कळणार? आधी मीटरची ओरल झाली असेल तरच.

म्हणून तीन मागण्या मांडतो. पटल्या तर उचलून धरा, नाही पटल्या तर कँटीनमध्ये भांडायला या.

पहिली, लॅबसाठी. प्रॅक्टिकलची पहिली दहा मिनिटं मीटरसाठी राखून ठेवावीत आणि जर्नलाच्या तक्त्यावर एक ओळ वाढवावी: द्रावणाचं तापमान, पहिलं द्रावण, दुसरं द्रावण, सेल कॉन्स्टंट. वीस जणांनी करायची गरज नाही. दर वेळी दोघांनी करावं, बाकीच्यांनी पाहावं. सत्रभरात सगळ्यांची पाळी येते.

दुसरी, सरांसाठी. मीटर तपासलेला असेल आणि तरीही रीडिंग वेगळं आलं असेल, तर त्याचे मार्क कापू नयेत. उलट ‘वेगळं का आलं’ हे लिहिणाऱ्याला एक मार्क जास्त द्यावा. जुळवाजुळवीची कला यानेच बंद पडेल.

तिसरी, हॉस्टेलसाठी. प्रत्येक आरओशेजारी एक वही असावी. दर सोमवारी टाकीचं आणि आरओचं पाणी मोजून लिहायचं, पण त्याआधीच्या रकान्यात मीटरने त्या दिवशी १४७ आणि १४१३ ला काय उत्तर दिलं ते. तो रकाना रिकामा असेल तर पुढचे आकडे धरायचे नाहीत. महिन्यातून एकदा जिवाणूंच्या तपासणीचा निकालही त्याच वहीत.

वही आणि दोरी मी आणतो. द्रावण लॅबने द्यावं, आणि भिंतीत खिळा ठोकायला रेक्टर सरांनी परवानगी द्यावी. पहिल्या सोमवारी दोन माणसं कमी पडतायत. ज्यांना यायचंय त्यांनी सकाळी आंघोळीच्या रांगेआधी कूलरपाशी यावं, ब्रँचची अट नाही.

– एक विद्यार्थी, तृतीय वर्ष स्थापत्य